कायदा आपल्या घरात : दोरीच्या दुसऱ्या टोकाला



या सदराकडे बहुधा भाडेपावतीची, रेशनकार्डाची नाही तर प्रॉव्हिडंट फंडाची पत्रे येतात. या वेळचे पत्र निराळे आहे. चेंबूरच्या एका वाचक भगिनींचा नातू नोकरीसाठी अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात असतो. त्याने मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. मोठ्या तलावात वॉटर स्कूटर पळते आहे, तिला मागे दोरी बांधलेली, आणि ती दोरी धरून पायात दोन लांब फळ्या घातलेले आपले चिरंजीव पाण्यावरून घसरत चालले आहेत. बाई लिहितात, ‘‘माझा तर जीव घाबरा झाला. असे करायला तिथला कायदा परवानगी देतो का? शिवाय आमच्या महिला मंडळाची आणि विहारातल्या बालवर्गाची सहल नागावला जायची आहे. तिथेही असली यंत्रे आहेत म्हणे. मग काय करावे?’’

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. तिथला कायदा परवानगी देतो, पण मोकाट देत नाही. त्याच्या अटी एकदा समजल्या की दुसऱ्या प्रश्नाचेही उत्तर निम्मे मिळते.

पायात फळ्या घालून पाण्यावर घसरण्याचा खेळ १९२२ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राल्फ सॅम्युएल्सन नावाच्या तरुणाने सुरू केला. तेव्हा ओढायला मोटारबोट असे. वॉटर स्कूटर पुष्कळ नंतर आली. आपण जिला सरसकट ‘जेट स्की’ म्हणतो ते खरे तर कावासाकी कंपनीच्या मालाचे नाव. मोटारसायकलवर बसावे तसे हिच्यावर बसतात. हिला बाहेर पंखा नसतो. पोटाखालून पाणी ओढून घ्यायचे आणि मागून जोराच्या झोताने फेकायचे, त्या झोतावर ही पुढे जाते. हँडल फिरवले की झोताची दिशा फिरते.

यातली मेख नीट समजून घ्या. झोत आहे तोवरच वळण आहे. समोर माणूस दिसला, घाबरून अॅक्सिलेटर सोडला, की झोत बंद. मग हँडल कितीही फिरवा, यंत्र सरळ त्या माणसाच्या अंगावर जाते. सायकलवर आपण आधी वेग सोडतो आणि मग वळतो. हात तीच सवय इथे वापरतो आणि घात होतो. अलीकडच्या काही यंत्रांत यावर उपाय बसवलेले आहेत, पण शिकाऊ माणसाने त्यांच्या भरवशावर राहू नये.

आता कॅलिफोर्नियाचा कायदा. माणसाला दोरीने ओढायचे असेल तर चालवणाऱ्याखेरीज आणखी एक जण वाहनावर हवाच. त्याचे काम एकच, ओढल्या जाणाऱ्या माणसावर नजर ठेवणे. त्याचे वय किमान १२ वर्षे हवे. चालवणाऱ्याचे वय १६. १२ ते १५ वयाच्या मुलाने चालवायचे तर १८ वर्षांवरचे मोठे माणूस सोबत बसलेले हवे. वॉटर स्कूटरवरच्या प्रत्येकाने आणि मागे दोरीवर असलेल्यानेही लाईफ जॅकेट अंगात घालायचे. नुसते जवळ ठेवून भागत नाही. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत हा खेळ बंद. दारू पिऊन चालवणे हा गुन्हा. पोहणाऱ्या माणसापासून १०० फुटांच्या आत आणि पोहण्याच्या किनाऱ्यापासून २०० फुटांच्या आत वेग ताशी पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर. दोरीवरचा माणूस पाण्यात पडला की लगेच लाल किंवा नारिंगी झेंडा वर धरायचा. तो निदान बारा इंच लांब-रुंद हवा, म्हणजे इतर बोटवाल्यांना कळते की इथे पाण्यात माणूस आहे.

काही राज्ये याच्या पुढे जातात. ओढणारी वॉटर स्कूटर तीन जणांची क्षमता असलेलीच हवी असे ती सांगतात. चालवणारा एक, बघणारा दुसरा, तिसरी जागा रिकामी. रिकामी कशासाठी? पाण्यातला माणूस दमला, त्याला दुखापत झाली, तर त्याला वर घेऊन किनाऱ्यावर आणायला. ही रिकाम्या जागेची अट मला फार आवडली.

एवढा खटाटोप का, तर दोरी असते साधारण ७५ फुटांची. यंत्राच्या आवाजात मागची हाक ऐकू येत नाही, आणि चालवणाऱ्याने मागे वळून बघायचे ठरवले तर पुढे कोण बघणार? म्हणून हे लोक हाताच्या खुणा ठरवतात. अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर, गळ्यावरून आडवा हात म्हणजे थांबव, डोक्यावर थाप म्हणजे परत चल. पडल्यावर हात वर केला तर मी ठीक आहे. हात वर आला नाही तर क्षणाचाही विलंब करायचा नाही. पण ही खूण पाहायला कोणी बसलेलेच नसेल तर ती कोणाला करायची?

चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला एक दोरखंडी अडकवलेली असते. तो पाण्यात पडला की ती निसटते आणि इंजिन आपोआप बंद पडते. छोट्या मोटारबोटींनाही ही दोरखंडी वापरणे अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून देशभर सक्तीचे झाले.

आणखी एक गोष्ट भगिनींसाठी मुद्दाम लिहितो. यंत्राच्या पोटाखालचे तोंड पाणी ओढते तसे मोकळे केस, ओढणी, दोरीचे टोकही ओढते. आणि मागच्या झोताचा जोर इतका असतो की मागे पडलेल्या माणसाच्या शरीराच्या आत पाणी घुसून गंभीर इजा होऊ शकते. म्हणून जाड रबरी विजार घाला असा इशारा यंत्रावरच छापलेला असतो. इंजिन बंद झाल्याखेरीज मागच्या बाजूने यंत्राजवळ जाऊ नये, चढू तर मुळीच नये.

आता नागावची गोष्ट. आपल्यापैकी किती जणांना पोहता येते? विहारात बसलेल्या मोठ्या माणसांना हात वर करायला सांगा, थोडेच वर येतील. याचे कारण भित्रेपणा नव्हे. ज्यांना गावच्या विहिरीला, तळ्याला हात लावायची बंदी होती ते पोहायला कुठे शिकणार? आणि ज्यांनी शिकले नाही ते मुलांना काय शिकवणार? १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी जिथे चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते महाड आणि आपण सहलीला जातो ते नागाव, दोन्ही एकाच रायगड जिल्ह्यात. अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचेही असेच. १९६४ साली फ्लोरिडातल्या सेंट ऑगस्टीन गावी एका मोटेलच्या तलावात काळे-गोरे आंदोलक एकत्र उतरले, तेव्हा मालकाने त्या पाण्यात आम्ल ओतले. तिथल्या सरकारी आरोग्य खात्याने नोंदवले आहे की पोहण्याच्या तलावांत बुडून मरण्याचे प्रमाण १० ते १४ वयाच्या काळ्या मुलांत गोऱ्या मुलांच्या साडेसात पट आहे. बंदी उठते, पण तिची किंमत नातवंडे फेडत राहतात. म्हणून लाईफ जॅकेट मागायला लाजू नका. ‘‘कमरेएवढेच पाणी आहे हो’’ असे कोणी म्हणाले तरी मागा.

आपल्या किनाऱ्यांवर फळ्यांचा खेळ क्वचित, पण स्कूटरच्या किंवा बोटीच्या मागे ओढली जाणारी केळ्याच्या आकाराची रबरी होडी सगळीकडे. दोरी तीच, धोकाही तोच. अनेक ठिकाणी फेरीच्या शेवटी गंमत म्हणून ती होडी मुद्दाम उलटवतात. बसायच्या आधीच मोठ्याने सांगा, ‘‘आम्हाला पोहता येत नाही, उलटवायची नाही.’’ ऐकत नसतील तर उतरा, पैसे परत मागा. आणि विचारा, मागे बघायला कोण बसणार? बहुतेक वेळा कोणी नसतो. कारण साधे आहे. दुसरा माणूस म्हणजे दुसरी मजुरी, ती मालकाला वाचवायची असते. चालवणारा पोरगा आपल्यासारख्याच घरातला असतो, त्याच्यावर ओरडू नका. हंगामात दिवसभर उन्हात तोच राबतो आणि अपघात झाला की पहिला तोच पकडला जातो.

या धंद्याला महाराष्ट्र मेरीटाईम बोर्डाची परवानगी लागते. ती बघायला मागण्याचा गिऱ्हाइकाला पूर्ण हक्क आहे. चालवणाऱ्यांना शिक्षण देणारी राष्ट्रीय जलक्रीडा संस्था गोव्यात आहे. आपल्या वस्तीतली मुले या कामाला जात असतील तर त्यांनी तिथल्या प्रशिक्षणाची चौकशी जरूर करावी. प्रमाणपत्र हाती असले की मालकापुढे बोलताना आवाज वेगळा निघतो.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची स्पीडबोट आदळली आणि माणसे गेली, ते आपण विसरलेलो नाही. त्या बोटीवर अनेकांच्या अंगात जॅकेट नव्हते.

बालवर्गाच्या ताईंसाठी शेवटचे. मुलाला जॅकेट घालून सगळे पट्टे आवळा. मग खांद्याजवळ धरून जॅकेट वर उचला. हनुवटी आणि कान आत जात असतील तर ते त्या मुलाला मोठे आहे, लहान मापाचे मागा. लहान नसेल तर त्या मुलाला वाळूतच खेळू द्या, आणि त्याच्यासोबत एका मोठ्या माणसाला थांबवा.

पुढील अंकी : गॅस सिलिंडरचा स्फोट आणि विम्याची भरपाई. पत्रे पोस्टकार्डावर पाठवली तरी चालतील. जयभीम.