इशारा पाळावयाचा की तोलावयाचा?

जुलै १९६२ मधील एका रात्री बँकॉकहून मुंबईकडे येत असलेले आलितालिया कंपनीचे विमान जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि आतील सर्वच्या सर्व ९४ माणसे मृत्यू पावली. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत अशी वैमानिकांची समजूत झाली, विमान वेळेआधी खाली आणले गेले, आणि काळोखात सह्याद्री आडवा आला. पुढे जानेवारी १९६६ मध्ये एअर इंडियाचे विमान जिनिव्हास उतरण्याच्या बेतात असता माँ ब्लां पर्वतावर कोसळले. त्या ११७ मृतांत डॉ. होमी भाभा होते. या वैमानिकांविषयी कठोर शब्द लिहिण्यास आमची लेखणी धजत नाही. समोर पर्वत आहे हे त्यांना सांगणारे कॉकपिटमध्ये काहीच नव्हते.

आज तसे सांगणारे यंत्र आहे. कॅनडात जन्मलेले अभियंते डॉन बेटमन यांनी ते सिद्ध केले, आणि डिसेंबर १९७४ मध्ये व्हर्जिनियातील डोंगरावर एक प्रवासी विमान आदळून ९२ जण ठार झाल्यावर अमेरिकेने ते मोठ्या विमानांना सक्तीचे केले. पहिल्या यंत्राची नजर केवळ पायाखालच्या जमिनीवर असे. त्यामुळे समोर एकदम उभा कडा आला तर इशारा फार उशिरा मिळे. १९९० नंतरच्या दशकात आलेल्या सुधारित यंत्राच्या पोटात पृथ्वीच्या चढउतारांचा नकाशाच साठविलेला असतो. विमानाचे स्थान, उंची व दिशा त्या नकाशाशी ताडून ते आगाऊ सावध करते, आणि तरीही धोका टळला नाही तर ‘पुल अप’, म्हणजे ‘वर खेचा’, असा घोष सुरू करते. त्यानंतर करावयाचे काय हेही वैमानिकास पढविलेले असते : स्वयंचालन बंद, इंजिनांना पूर्ण जोर, नाक वर, आणि सुरक्षित उंची येईपर्यंत चढत राहणे. रात्री किंवा ढगांत असताना ‘आधी खात्री करून घ्या’ असे कलम त्यात नाही, आणि ते नाही हेच योग्य होय.

असे असूनही २०१० साली काय घडले? २२ मे रोजी दुबईहून मंगळूरला आलेले एअर इंडिया एक्सप्रेसचे विमान प्रमाणाबाहेर उंचीवरून प्रमाणाबाहेर वेगाने खाली येत होते. यंत्राने उतरण्याच्या वेगाविषयी वारंवार इशारे दिले, ‘वर खेचा’ म्हटले. सहवैमानिकानेही उतरणे रद्द करून पुन्हा वर जाण्यास सांगितले. मुख्य वैमानिकाने विमान उतरविलेच. सुमारे आठ हजार फुटांच्या धावपट्टीपैकी पाच हजारांहून अधिक फूट मागे पडल्यावर चाके टेकली, आणि टेकडीवरील ती धावपट्टी संपताच विमान दरीत गेले. १६६ पैकी ८ वाचले. एअर मार्शल भूषण गोखले यांच्या चौकशी न्यायासनाने ही कहाणी पुरतेपणी उलगडून ठेवली आहे. त्यानंतर अवघ्या दोन महिन्यांनी, २८ जुलै रोजी, एअरब्लू कंपनीचे विमान इस्लामाबादजवळच्या मारगल्ला टेकड्यांवर आदळून १५२ जण ठार झाले. तेथे शेवटच्या मिनिटाभरात यंत्र वीसेक वेळा ओरडले. सहवैमानिक ‘सर, वर घ्या’ अशी विनवणी करीत राहिला. त्याच सहवैमानिकास त्या प्रवासात वरिष्ठाने आधी पुष्कळ वेळ पाणउतारा करून गप्प बसविले होते.

दोन्ही ठिकाणी यंत्र बोलले व धाकटा माणूसही बोलला. उणीव होती ती धाकट्याच्या शब्दाला हुकमाचे वजन असण्याची. साहेबांचे चुकते आहे हे साहेबांना सांगण्याची कला आपल्या कचेऱ्यांतही कोणास नीटशी साधलेली नाही. पण तेथे फार तर फाईल अडते. कॉकपिटमध्ये विनवणी हा प्रकारच नसावा असे आमचे स्पष्ट मत आहे. इशारा झाला आणि मुख्य वैमानिकाचा हात हलला नाही, तर सहवैमानिकाने नियंत्रण स्वतःकडे घ्यावे. हे केवळ पुस्तकात लिहून भागणार नाही. असे करणाऱ्याच्या पाठीशी कंपनी उभी राहते हे त्याला आधीपासून ठाऊक असले पाहिजे. पावसाळ्यात मुंबईच्या धावपट्टीजवळ येऊन विमान पुन्हा वर चढले की आपण प्रवासी घड्याळाकडे पाहून कुरकुरतो. त्या कुरकुरीची आणि जळलेल्या इंधनाची आठवण शेवटच्या अर्ध्या मिनिटात वैमानिकास होता कामा नये.

आता एक नवी आपत्ती उभी राहिली आहे. यंत्रास स्थान कळते ते उपग्रहांच्या संकेतांवरून, आणि युद्धे व सरहद्दीवरील ताण यांमुळे हे संकेत मुद्दाम खोटे पाठविले जाऊ लागले आहेत. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात मुख्यत्वे अमृतसर व जम्मू परिसरात संकेतांत अडथळा वा फसवणूक झाल्याचे ४६५ प्रकार नोंदले गेल्याचे सरकारनेच लोकसभेत सांगितले. खोटे स्थान दाखविले गेले की कित्येक हजार फुटांवर निर्वेध उडणाऱ्या विमानातही ‘वर खेचा’ सुरू होते. चार वेळा खोटा ठरलेला आवाज पाचव्या वेळी कोण मनावर घेईल? मे २०१२ मध्ये जाकार्ताहून प्रात्यक्षिकासाठी निघालेल्या सुखोई विमानाच्या वैमानिकास असेच वाटले. यंत्राच्या नकाशातच दोष असावा असे समजून त्याने इशारा बंद केला. पुढे ढगांत सालक पर्वत होता. ४५ जण गेले.

म्हणून उतरण्याच्या वेळी झालेला इशारा, तो खोटा असण्याचा कितीही संभव वाटला तरी, खराच मानून चढावे. निष्कारण चढल्याने दहा-पंधरा मिनिटे जातील. मात्र तो खोटा ठरू नये याची जबाबदारी वैमानिकावर टाकून सरकारला मोकळे होता येणार नाही. विमानतळांवरील जमिनीवरून मार्ग दाखविणारी जुनी साधने, जी उपग्रहांवर अवलंबून नाहीत, ती खर्चाचे कारण सांगून मोडीत काढू नयेत, आणि संकेतांच्या फसवणुकीचा प्रत्येक प्रकार, तो कोठे व केव्हा घडला यासह, वैमानिकांना त्याच दिवशी कळावा. लोकसभेत प्रश्न विचारला जाईपर्यंत त्यासाठी थांबण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही.