माती गावची, वाचन संगणकावर. मग वाटा कुणाचा?

नदीतली वाळू उचलली तर रॉयल्टी भरावी लागते. पण बांधावरची मूठभर माती कुणी पिशवीत घालून नेली, तर त्याची नोंद आपल्या ग्रामपंचायतीत कुठे होते? "मातीच तर आहे, न्या की!" असं आपण म्हणतो. खरा माल मात्र मातीत नसून तिच्यातल्या जिवाणूंत आहे.

बॅसिलस सबटिलिस हे नाव शेतकऱ्यांनी जैविक बुरशीनाशकाच्या पुडीवर वाचले असेल. हा मातीतलाच जिवाणू. त्याच्या कुळातल्या जिवाणूंपासून काढलेले एन्झाइम कपडे धुण्याच्या पावडरीत पडतात. १९९७ साली त्याचा सगळा जनुकसंच वाचून झाला. सुमारे ४२ लाख अक्षरे आणि चार हजारांवर जनुके त्यात निघाली. कोंबडीखाद्यातले लायसिन बनवणारा कोरिनेबॅक्टेरियम हा जिवाणू जपानमध्ये १९५०च्या दशकात सापडला. त्याचे वाचन २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. कोणते जनुक काय काम करते हे एकदा कळले, की नेमका तेवढाच बदल करून कारखान्याच्या टाकीत उत्पादन वाढवता येते.

इथवर सगळे चांगलेच आहे. अडचण पुढे आहे. वाचलेली अक्षरे संगणकावर जातात आणि जगात कुणालाही मिळतात. त्यावरून हवे ते जनुक प्रयोगशाळेत नव्याने बनवता येते. म्हणजे ज्या गावातून जिवाणू गेला, त्या गावात परत यायची कुणाला गरजच उरत नाही.

कराराविना नमुना गेला की काय होते, याचा दाखला अमेरिकेतलाच आहे. तिथल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या गरम झऱ्यांत १९६०च्या दशकात थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा जिवाणू सापडला. उष्णता सोसणाऱ्या त्याच्या एन्झाइमवर पुढे पीसीआर तपासणी उभी राहिली. कोरोनात नाकात काडी घालून केलेली चाचणी ती हीच. १९९१ साली पीसीआरचे हक्क ३० कोटी डॉलरना विकले गेले. उद्यानाला त्यातला छदामही मिळाला नाही.

आपल्याकडे लोणारच्या खाऱ्या पाण्यातल्या जिवाणूंवर संशोधन होत आले आहे. तेव्हा हा प्रश्न दूरचा नव्हे.

कायदा आहे. २००२च्या जैविक विविधता कायद्यात जिवाणूही येतात. परदेशी कंपनीला चेन्नईच्या राष्ट्रीय प्राधिकरणाची आधी मंजुरी लागते, तर देशी कंपनीने व्यापारी वापराआधी नागपूरच्या राज्य मंडळाला कळवायचे असते. निर्णय घेताना या दोघांनी गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीचा सल्ला घ्यायचा आहे. व्यापारासाठी गोळा करणाऱ्याकडून समितीला शुल्कही घेता येते. संगणकावरच्या माहितीसाठी फेब्रुवारी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय 'काली निधी' सुरू झाला. ती वापरणाऱ्या मोठ्या कंपन्यांनी नफ्याचा १ टक्का किंवा उलाढालीचा ०.१ टक्का त्यात द्यावा आणि निदान निम्मा पैसा आदिवासी व स्थानिक समाजांसाठी असावा, असे ठरले आहे. मात्र भरणा ऐच्छिक! ऐच्छिक पाणीपट्टी किती वसूल होते, हे सरपंचांना सांगायला नको.

म्हणून आपल्या हातात आहे ते आपण करावे. पुष्कळ गावांत ही समिती कागदावरच आहे. तिची बैठक घ्या. लोक जैवविविधता नोंदवहीत झाडे-पाखरांबरोबर झरे, तळी, जुन्या देवरायाही येऊ द्या. नमुना न्यायला कुणी आले तर संस्थेचे नाव, हेतू, जागा आणि तारीख लिहून घ्या आणि त्याची एक प्रत दप्तरी ठेवा. विद्यार्थी, संशोधक यांची अडवणूक करू नये. त्यांच्या कामाचा फायदा शेतीलाच होतो. पण नोंद हवीच. उद्या वाटपाची वेळ आली, तर नमुना कुठला हे दाखवणारा कागद ज्या गावाजवळ असेल, त्याच गावाला बोलायला जागा राहील.