जोड तुमची, निकाल फाशांचा

१९८६ साली टॉम फिल्सिंगर या अमेरिकी माणसाने ‘चॅम्पियन्स ऑफ द गॅलेक्सी’ नावाचा टेबलावर खेळायचा एक खेळ बाजारात आणला. विषय व्यावसायिक कुस्तीचा, काळ २०८७ सालचा, आणि मल्ल सगळे कल्पनेतले: स्टार वॉरियर, थॅन्टोस, वुल्फ अशा नावांचे. साहित्य म्हणजे प्रत्येक मल्लाचं एक कार्ड आणि साधे सहा बाजूंचे फासे. कार्डावर मल्लाचे डाव तीन पायऱ्यांत मांडलेले असतात. फासा टाकला की कोणता डाव लागला ते कळतं, मग समोरच्याच्या कार्डावर फासा टाकून त्याने तो कसा सोसला ते पाहायचं. शेवटी मल्ल पिन होतो, म्हणजे पाठीवर दाबला जाऊन हरतो, की सुटतो, हेही फासेच सांगतात. दोघांनी समोरासमोर बसून हा खेळ खेळता येतो, पण अनेक चाहते तो एकट्याने, वर्षानुवर्षं खेळतात. दोन्ही बाजूंचे फासे तेच टाकतात, कारण ते कोणा एका मल्लाचे पाठीराखे नसतात, ते या मल्लांच्या काल्पनिक लीगचे मालक असतात. विजेतेपदाचा बेल्ट कोणाकडे, कोणाचं वैर कोणाशी, पुढच्या कार्यक्रमात कोण कोणासमोर, याच्या नोंदी त्यांच्या वहीत असतात.

या खेळाबद्दल पहिली शंका निघते ती थेट मुळावरच घाव घालते. व्यावसायिक कुस्तीत कोण जिंकणार हे मल्ल रिंगणात उतरण्याआधीच ठरलेलं असतं. हे आता गुपित राहिलेलं नाही. तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफ या कुस्ती कंपनीनेच १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे मांडलं की आपला कार्यक्रम ही खरी स्पर्धा नसून करमणूक आहे, म्हणजे क्रीडा आयोगाच्या देखरेखीतून सुटका व्हावी. बेसबॉलचा फाशांचा खेळ समजू शकतो. १९५१ पासून चालत आलेल्या ‘अ‍ॅपबा’ या खेळात कार्डावरचे आकडे त्या खेळाडूच्या प्रत्यक्ष हंगामातल्या कामगिरीवरून काढलेले असतात. कुस्तीच्या कार्डामागे अशी खरी कामगिरी नसतेच. मग जिथे काहीच नशिबावर सोडलेलं नसतं, तिथे फासे कशाला? लीगच्या मालकाने कागद घ्यावा आणि आज अमुक जिंकला असं सरळ लिहून मोकळं व्हावं. माझं म्हणणं नेमकं याच्या उलट आहे. निकाल लिहिण्याचा हक्क मालक सोडून देतो, म्हणूनच त्याच्या हातून गोष्ट जिवंत राहते.

निकालाचा हक्क हाती असला की तो गोष्टीसाठीच वापरला जातो असं नाही. ब्रूनो सॅमार्टिनो हा व्यावसायिक मल्ल मे १९६३ मध्ये विजेता झाला आणि जानेवारी १९७१ पर्यंत, सलग २,८०३ दिवस, बेल्ट त्याच्याकडेच राहिला. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याच्या नावावर गर्दी जमत होती, मग बेल्ट दुसऱ्याला द्यायचा कशाला? धंदा म्हणून निर्णय योग्यच होता. दुसरं टोक ९ नोव्हेंबर १९९७ ला माँट्रियलमध्ये दिसलं. डब्ल्यूडब्ल्यूएफचा विजेता ब्रेट हार्ट प्रतिस्पर्धी कंपनीत निघाला होता आणि आपल्या देशात, कॅनडात, बेल्ट हरायला तयार नव्हता. लढतीचा वेगळा शेवट त्याला सांगितलेला होता. पण प्रतिस्पर्धी शॉन मायकल्सने त्याला ‘शार्पशूटर’ या पेचात धरलेलं असताना कंपनीचे मालक व्हिन्स मॅकमहन यांनी घंटा वाजवायला लावली आणि हार्टने हार मानलेली नसताना तो हरला. दोन्ही निकालांमागची कारणं रिंगणाबाहेरची होती: तिकीटविक्री, करार, बेल्ट दुसऱ्या कंपनीत जाईल ही धास्ती. घरच्या टेबलावर तिकीटविक्री नसते आणि करारही नसतात, पण मालकाची आवडनिवड असते. एखाद्या मल्लावर त्याचा जीव जडतो. लेखणी त्याच्याच हातात राहिली तर तो मल्ल जिंकतच राहतो, बाकीचे हरण्यापुरते उरतात आणि थोड्याच दिवसांत वही उघडावीशी वाटेनाशी होते.

फाशांना आवडनिवड नसते, पण म्हणून मल्लामल्लांतला फरक त्यांना कळत नाही असं नाही. तो फरक कार्डावर लिहिलेला असतो. दोन फासे टाकले तर ३६ शक्यतांपैकी ४ किंवा त्याहून कमी बेरीज फक्त ६ वेळा येते, ७ किंवा त्याहून कमी मात्र २१ वेळा. एका मल्लाचा पिन होण्याचा आकडा ४ पर्यंत ठेवला आणि दुसऱ्याचा ७ पर्यंत, तर पहिला सहातून एकदाच खाली राहील आणि दुसरा निम्म्याहून अधिक वेळा. म्हणजे नुसता एक आकडा बदलून चिवट माणूस आणि ठिसूळ माणूस वेगळे करता येतात. हल्ले दुबळे पण पिनचा आकडा लहान असा मल्ल मार खात राहतो आणि उठत राहतो, त्याच्यावर खेळणाऱ्याचा जीव जडतो. व्यावसायिक कुस्तीत विजेता बाद ठरला तर लढत हरतो, बेल्ट मात्र त्याच्याकडेच राहतो. त्यामुळे ज्या खलनायकाची बाद होण्याची शक्यता जास्त ठेवलेली आहे, त्याच्या हाती एकदा बेल्ट गेला की तो हरत हरत विजेता राहतो. ही चीड आणणारी गोष्ट कोणी लिहिलेली नसते, ती आकड्यांतून आपोआप निघते. आपल्याकडे नव्वदच्या दशकात मुलांच्या हाती डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्ड होती. त्यांवरही मल्ल होते आणि आकडे होते, पण ते मुख्यतः उंची, वजन, छाती, बायसेप्स अशा मापांचे. त्यांत ज्याचा आकडा मोठा तो जिंकला. डाव कुठला आणि सोसणं कुठलं, हे त्यात नव्हतंच, म्हणून त्या पत्त्यांतून लढत कधी उभी राहत नसे.

गंभीर आक्षेप वेगळाच आहे: फासे गोष्ट नीट बांधूच देत नाहीत. यात तथ्य आहे आणि ते गणितानेच दाखवता येतं. एखाद्या विजेत्याची प्रत्येक लढत जिंकण्याची शक्यता ७० टक्के धरली, तरी सलग पाच आव्हानं परतवण्याची शक्यता १७ टक्क्यांच्या आतच राहते. सॅमार्टिनोसारखी कारकीर्द फाशांच्या लीगमध्ये जवळपास अशक्य आहे. मोठ्या सूडकथेचा शेवट ज्या रात्री व्हायचा, त्याच रात्री नायक पहिल्या दोन-चार फाशांत आडवा होऊ शकतो. हे नुकसान खरं आहे, ते मी नाकारत नाही. पण त्याच्या बदल्यात काय मिळतं तेही पाहायला हवं. १७ मे १९९३ च्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या ‘रॉ’ कार्यक्रमात रेझर रेमनसारख्या धिप्पाड मल्लाला एका किरकोळ अंगाच्या, तोवर हरतच आलेल्या पोराने पिन केलं. पुढे तो ‘१-२-३ किड’ याच नावाने ओळखला गेला. त्या क्षणाची आठवण कुस्तीचे चाहते अजून काढतात, पण लिहिणाऱ्याला तो आधीच माहीत होता, आश्चर्य फक्त प्रेक्षकांच्या वाट्याला आलं. फाशांच्या लीगमध्ये मालकालाही ते मिळतं, आणि ज्याला स्वतःलाच धक्का बसला आहे त्याला पुढची मांडणी जुन्या आराखड्यावर रेटता येत नाही.

समजा, एक खलनायक कित्येक महिने एका वयस्कर मल्लाच्या मागे लागला आहे. शेवटच्या लढतीत म्हातारा जिंकेल आणि सन्मानाने निवृत्त होईल, असं मालकाने मनाशी धरलेलं आहे. फासे पडतात आणि म्हातारा हरतो. निकाल वहीत गेला, आता तो पुसायचा नाही. म्हातारा शब्द पाळून निवृत्त होतो, की शब्द मोडून परत येतो? परत आला तर त्याच्यासाठी मार खाल्लेले शिष्य त्याच्याकडे कोणत्या नजरेने पाहतील? ज्याच्या द्वेषावर खलनायक एवढा मोठा झाला तो माणूसच गेला, मग त्याने आता काय करायचं? यातलं कोणतंही उत्तर चालेल असं नाही. आधीच्या साऱ्या नोंदींशी ते जुळलं पाहिजे, कोणी कोणाला कधी दगा दिला हे वहीत लिहिलेलंच आहे. मालकाच्या मनातला पहिला शेवट गोड होता, पण तो त्याने आणि आपण सगळ्यांनी शेकडो सिनेमांत पाहिलेला होता. मोकळं सोडलं की माणूस सवयीच्या वळणांनीच लिहीत जातो. नको असलेला निकाल त्याला अशा ठिकाणी आणून सोडतो, जिथे त्याची सवय उपयोगी पडत नाही. कल्पनेला शिस्त लावणारं इतकं स्वस्त आणि इतकं निष्ठुर साधन दुसरं मला दिसत नाही.

मग सारं फाशांवर सोडलं की मालकाची जबाबदारी संपली, असं कोणी म्हणेल. ती संपत नाही, कारण जोड त्याच्याच हातात राहते. जत्रेतल्या कुस्त्या पाहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. कोल्हापूरच्या खासबागेतलं मैदान असो की गावच्या यात्रेतलं, कोणाची जोड कोणाशी लावायची, इनाम किती, निकाली कुस्त्यांत शेवटची कुठली, हे संयोजक ठरवतात आणि मैदान रंगणार की पडणार हे बरंचसं तिथेच ठरतं. तरीही चितपट कोण होणार हे त्यांच्या हाती नसतं. फाशांच्या लीगचा मालक अमेरिकी प्रमोटरची नक्कल करतो खरी, पण कामाने तो या संयोजकांच्या जवळचा आहे. ठिसूळ विजेत्यासमोर लागोपाठ तीन बलदंड आव्हानवीर उभे केले आणि बेल्ट गेला, तर दोष फाशांचा नाही. होतकरू पोराला बेल्टच्या लढतीत उतरवण्याआधी चार सोप्या जोडी द्याव्यात की एकदम मोठ्या मल्लापुढे लोटावं, यात मालकाची समज दिसते आणि मल्लांविषयीचा त्याचा न्यायही.

एकट्याने खेळताना कोणी पाहत नाही, फासा पुन्हा टाकला तर कोणाला कळणार आहे, हा आक्षेप वरवर क्षुल्लक वाटतो. रॉबर्ट कूव्हर यांनी १९६८ च्या ‘द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन’ या कादंबरीत तो पूर्ण वजनाने तोलला आहे. हेन्री वॉ हा हिशेबनीस फाशांवर एक काल्पनिक बेसबॉल लीग चालवतो. त्याच्या सर्वांत लाडक्या तरुण खेळाडूचा फाशांच्या एका दुर्मीळ दानामुळे मैदानावर मृत्यू होतो. पुढे हेन्री ज्याच्या चेंडूने तो मेला त्या खेळाडूला मारण्यासाठी स्वतःच्या हाताने फासे ६-६-६ असे मांडतो. लीग त्यानंतरही चालते, पण तिचं रूप पालटतं. लाडक्याचा मृत्यू हेन्रीला उद्ध्वस्त करतो तो खरा घडल्यासारखा वाटतो म्हणूनच, आणि तो खरा वाटतो कारण तो हेन्रीने घडवलेला नसतो. एकदा हात घातला की आधीचे सगळे विजय आणि पराभवही मालकाच्या मर्जीवर येऊन पडतात. म्हणून वहीतला निकाल न पुसण्याचा नियम पाहणाऱ्यांसाठी नसतो. त्याच्यावाचून खेळणाऱ्यापाशी खेळायला काही उरतच नाही.

आता हे सगळं संगणक करतो, हेही खरं आहे. अ‍ॅडम रायलँड यांच्या ‘टोटल एक्स्ट्रीम रेसलिंग’ या संगणकी खेळात कुस्ती कंपनी चालवता येते: मल्लांचे करार, पगार, जखमा, टीव्हीचे प्रेक्षक, सगळं त्यात आहे. तिथे विजेता कोण हे खेळणारा ठरवतो आणि लढत किती रंगली, लोकांना किती रुचली, हे संगणक सांगतो. व्यावसायिक कुस्तीचा धंदा खरोखर असाच चालतो, आणि तो समजून घ्यायचा असेल तर हा खेळ फाशांपेक्षा कितीतरी सरस आहे. पण तिथे मालकाला जोखायचा असतो तो प्रेक्षकांचा कौल, आणि कौल वाढावा म्हणून तो आपल्या मल्लांना जिंकवतो किंवा हरवतो. फाशांच्या टेबलावर कौल देणारं कोणीच नसतं. तिथे तो म्हातारा हरतो, आणि त्याचं पुढे काय करायचं हे मालकाला स्वतःच, आधीच्या नोंदी उलगडून, ठरवावं लागतं.