बारीक अंगाचे कौतुक

‘वजन उतरले ते बरेच झाले, गुडघ्यांवरचा भार कमी झाला.’ आईवडिलांना तपासणीला घेऊन येणारी मुले-सुना हे वाक्य मोठ्या समाधानाने उच्चारतात. साठीनंतर आपोआप उतरलेल्या वजनात समाधान मानण्यासारखे काही असतेच असे नाही. या प्रश्नावर प्रकाश टाकणारे एक मोठे संशोधन आपल्याच शहरात झाले आहे.

१९९१ ते १९९७ या काळात मुंबईत मतदारयाद्या हाती घेऊन पाहणी करणारी माणसे घरोघरी फिरली. पस्तिशी गाठलेल्या वा ओलांडलेल्या सुमारे १ लाख ४८ हजार स्त्री-पुरुषांची नोंद त्यांनी केली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. प्रकाश गुप्ता यांच्या पुढाकाराने झालेल्या या पाहणीचा मुख्य विषय तंबाखू हा होता. पण त्याबरोबर उंची आणि वजनही मोजले गेले. माहिती टिपण्यासाठी हातात मावणारे छोटे संगणक वापरले होते. त्या काळात हे अपूर्वच. श्रीमंत वस्त्यांतील इमारतींत रखवालदारांमुळे प्रवेश मिळणे कठीण, म्हणून ती मतदान केंद्रे वगळावी लागली. चाळीत तो प्रश्न नव्हता. तिथे अनोळखी माणसाला आधी पाणी विचारतात, काम मागाहून!

पाच-सहा वर्षांनी याच लोकांचा पुन्हा मागोवा घेतला, तेव्हा मृत्यूचा धोका सर्वाधिक आढळला तो अतिकृश गटात. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो, तो या गटात १६ हून कमी होता. आता कृशता हे मृत्यूचे कारण, की आधीच जडलेल्या एखाद्या रोगाची खूण, हे नुसत्या आकड्यांवरून ठरत नाही. माझ्या दृष्टीने मात्र दोन्ही अर्थांनी ती दखल घेण्याजोगीच.

याचा अर्थ वजन वाढवत सुटावे, असा कोणी घेऊ नये. काट्याला फक्त एकूण भार कळतो; त्यात स्नायू किती आणि मेद किती, हे त्याला उमगत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हीच गोष्ट जगाला दाखवून दिली. १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी गरोदर स्त्रिया व त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. चिमट्यासारख्या साधनाने त्वचेच्या घडीची जाडी मोजली, तेव्हा इंग्लंडमधील बाळांच्या तुलनेत आपली बाळे वजनाने बरीच हलकी, पण पाठीवरच्या त्वचेखालील मेद त्या मानाने टिकून असलेली आढळली. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी स्वतःची आणि लंडनचे सहकारी डॉ. युडकिन यांची तुलना छायाचित्रासह मांडली. दोघांचा वर सांगितलेला निर्देशांक एकच, २२.३. शरीरातील मेद मात्र युडकिन यांच्या अंगी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या अंगी २१.२ टक्के! हे ज्या यंत्राने मोजले, ते डेक्सा. हाडांची घनता पाहण्यासाठी आपल्यापैकी अनेकजण त्याच्याखाली पडून आलेले असतील. दोन वेगवेगळ्या शक्तींचे क्ष-किरण शरीरातून आरपार जाताना किती शोषले जातात, त्यावरून हाड, मेद आणि उरलेला मांसल भाग यांचा हिशेब लागतो.

सध्या ‘मेदाची टक्केवारी’ सांगणारे वजनकाटे भेट देण्याची टूम निघाली आहे. त्यांतून तळपायांमार्गे सूक्ष्म वीजप्रवाह सोडतात. अंगातले पाणी कमी-जास्त झाले की टक्केवारीही बदलते. पायांवर सूज असलेल्या वृद्धाच्या बाबतीत तर ती निरुपयोगीच म्हणावी. पेसमेकर बसवलेल्यांनी असा काटा मुळीच वापरू नये.

त्यापेक्षा शिवणाच्या डब्यातली मापपट्टी काढावी. सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यानंतर कंबर मोजावी. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेल्यास, हातपाय काटकुळे असले तरी, मधुमेह-रक्तदाबाची तपासणी करून घ्यावी. मग त्याच पट्टीने पोटरीचा सर्वांत जाड भाग मोजावा. आशियाई तज्ज्ञांनी २०१९ मध्ये ठरवलेल्या निकषांनुसार तो पुरुषांत ३४, स्त्रियांत ३३ सेंटिमीटरहून कमी भरल्यास स्नायू झिजल्याची शंका घ्यावी. हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठून बसायला १२ सेकंद किंवा अधिक लागणे, ही दुसरी खूण. हे करताना कोणीतरी शेजारी उभे असावे.

वजन महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी नाश्त्यापूर्वी घ्यावे आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये त्या तारखेच्या चौकोनात लिहावे. प्रयत्न न करता सहा ते बारा महिन्यांत वजनाचा विसावा भाग गेला, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलो उतरले, तर डॉक्टरांना दाखवावे. मधुमेह बळावणे, थायरॉइड, क्षय, कर्करोग, नैराश्य, एखाद्या औषधाने भूक मरणे, अशी कारणे शोधावी लागतात. कधी ती अगदी साधी असतात. कवळी सैल झालेली असते आणि आजी चार महिने भाकरी चहात बुडवून खात असतात. घरात ते कोणाच्या लक्षातच आलेले नसते. तेव्हा येताना औषधांची पिशवी, कवळी आणि ते कॅलेंडर, तिन्ही बरोबर आणावे.