नेट गेलंय, नेटवर्क नाही!

"इंटरनेट बंद आहे" आणि "नेटवर्क बंद आहे" या दोन वाक्यांचा अर्थ एकच, असं मानणाऱ्या इंजिनिअरांचा मला मनापासून राग येतो. आणि मंडळी, आमच्या कंपन्या अशांनीच भरल्यात.

माझा मावसभाऊ गडचिरोलीतल्या एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या बाजूला शिक्षक आहे. (हो, लोहखनिजाच्या खाणीमुळे पेपरात येतं तेच सूरजागड.) घरी दोन लिनक्स मशीन, मध्ये एक साधा स्विच. जुन्या मशीनची हार्ड डिस्क शेवटच्या घटका मोजत होती, आणि मुलांसाठी टाइप केलेले माडिया-मराठी धडे तिच्यावरच! मशीन एकमेकांना दिसेनात, त्यात मोबाइलचा डेटाही गायब. पुण्याच्या मित्रांनी फोनवर सल्ले काय द्यावेत? "रेंज आली की क्लाउडवर टाक." "सरळ रिइन्स्टॉल मार." अरे, रिइन्स्टॉलमध्ये धडेच पुसले जातील की! आणि तीन फुटांवर फाइल न्यायला परदेशातला सर्व्हर कशाला?

खालून वर जा, बस्स. स्विचवर दिवा लागतोय का? नसेल तर केबल बदला. दिवा आहे, पण आयपी पत्ताच नाही? साहजिक आहे, पत्ते वाटणारा राउटरच तिथे नाही. हातानं द्या: एकाला १९२.१६८.१.१०, दुसऱ्याला १९२.१६८.१.११, मास्क २५५.२५५.२५५.०. हे पत्ते १९९६ च्या आरएफसी १९१८ नं खासगी वापरासाठीच राखून ठेवलेत, कुणाची परवानगी नको. मग पिंग. पिंग जातंय, पण एसएसएच "कनेक्शन रिफ्यूज्ड" म्हणतंय? चांगली बातमी! समोरचं मशीन उत्तर देतंय, बहुधा तिथे एसएसएचची सेवाच चालू नाही. नुसतीच शांतता आणि टाइमआउट असेल, तर फायरवॉलवर संशय घ्या.

एसएसएच सर्व्हर इन्स्टॉलच नसेल आणि नेटही नसेल तर? जुन्या मशीनवर पायथनचा छोटा वेब सर्व्हर एका ओळीत सुरू होतो, नव्या मशीनच्या ब्राउझरमधून फाइल उतरवून घ्या. आम्ही तेच केलं. धडे वाचले.

"पेनड्राइव्ह वापरायचा ना!" म्हणणारे आता येतीलच. वापरा की. पण त्यानं बिघाड कुठे होता ते कळत नाही, आणि उद्या पुन्हा तेच रडगाणं.

या सगळ्याची मॅन्युअलं लिनक्स सहसा सोबतच घेऊन येतं, डिस्कवरच असतात. ती उघडायची सवय मात्र आपली गेलीय. सर्चबॉक्स बंद पडला की ज्याची अक्कल बंद पडते, त्यानं सूरजागडला "मागास भाग" म्हणू नये. असो.