फळीच्या पलीकडचा माणूस

एकाच गोष्टीचं वेड असलेली माणसं आपोआप मित्र होतात, असं आपण धरून चालतो. गडकिल्ले फिरणारे, नाणी जमवणारे, जुन्या रेकॉर्डींमागे धावणारे, सगळ्यांबद्दल आपला हाच समज. ब्रिटनमधल्या जुन्या लाकडी बोटी हौसेनं दुरुस्त करणाऱ्यांकडे पाहिलं की तो तपासून घ्यावासा वाटतो. वेड माणसांना एका छपराखाली आणतं खरं. पण त्यांची गट्टी जमते ती काम एकट्याच्यानं होत नाही म्हणून. फळीवर फळीची कड चढवून बांधलेली बोट घ्या. तिच्या फळ्या तांब्याच्या खिळ्यांनी जोडतात. बाहेरचा माणूस खिळ्याच्या डोक्यावर जड लोखंड दाबून धरतो. आतला माणूस टोकावर तांब्याची चकती बसवतो, जास्तीचं टोक छाटतो आणि उरलेलं हातोडीनं ठोकून चपटं करतो. मधे फळी असल्यानं बऱ्याचदा एकमेकांचं तोंडही दिसत नाही. बाहेरचं लोखंड जरा सरकलं की आतला घाव फुकट. बरगड्यांचं काम त्याहून घाईचं. ओकची पट्टी जाडीच्या इंचामागे साधारण तासभर वाफेत ठेवायची आणि बाहेर काढली की मिनिटभरात वाकवून जागेवर आवळायची, नाहीतर ती ताठ होते. त्या मिनिटात कोणाचं मत विचारायला कुणाला सवड नसते.

याउलट नुसत्या वेडाचं काय होतं? टॉम रोल्ट 'क्रेसी' या जुन्या कालवाबोटीवर संसार करत होते. त्यांचं 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ मध्ये आलं, ते वाचून रॉबर्ट एकमन यांनी त्यांना पत्र धाडलं आणि १९४६ मध्ये कालवे वाचवण्यासाठी 'इनलँड वॉटरवेज असोसिएशन' उभी राहिली. पाच वर्षांत रोल्ट संस्थेबाहेर होते. ज्या कालव्यांवर मालाच्या बोटी अजून चालतात ते आधी वाचवा, हे त्यांचं म्हणणं. एकमन एकही कालवा सोडायला तयार नव्हते. प्रेम दोघांचंही खरं होतं. पण ठराव लिहायला कागद पलीकडून कुणी धरून ठेवावा लागत नाही.

कोणी म्हणेल, दोघांनी मिळून करायची कामं कारखान्यातही असतात, तिथे सगळे कुठे जिवलग होतात? बरोबर, पण तिथला जोडीदार मुकादमानं नेमलेला असतो आणि पगार थांबला की तोही थांबतो. हौशी माणूस शनिवारी सकाळी कुणीही न बोलावता येतो, आणि समोरच्यालाही ते ठाऊक असतं. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: आता इपॉक्सी गोंद आणि क्लॅम्प आहेत, एकटाही बोट बांधू शकतो. बांधू शकतो, आणि तेवढ्यापुरता सोबती कमी होतो, हे मान्य. मोठ्या कामात मात्र हे टिकत नाही. १९२७ ची फास्टनेट ही शिडाच्या बोटींची शर्यत जिंकलेली 'टॅली हो' ही जुनी लाकडी बोट लिओ गूल्डन या तरुणानं २०१७ मध्ये एका पौंडाला घेतली. तो स्वतः कसलेला बोट-कारागीर, तरीही ती २०२४ मध्ये पाण्यात उतरेपर्यंत कितीतरी मदतनिसांचे हात तिला लागले होते.

तेव्हा नवं हौशी मंडळ काढणाऱ्यांना एवढंच सुचवावंसं वाटतं: कार्यकारिणी निवडण्याआधी एकट्यानं न होणारं एखादं काम निवडा.