नेता नको, बँक हवी

सरकारी मालकीची बँक म्हटले की अमेरिकेत अनेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. तरी नॉर्थ डाकोटात ती १९१९ पासून सुरू आहे. मिनियापोलिसचे धान्यव्यापारी आणि चढे व्याज लावणाऱ्या बँका यांच्या कचाट्यात सापडलेल्या गव्हाच्या शेतकऱ्यांनी १९१५ मध्ये ‘नॉनपार्टिझन लीग’ उभारली, निवडणुका जिंकल्या आणि राज्याची बँक काढली. १९२१ मध्ये मतदारांनी लीगचे गव्हर्नर लिन फ्रेझियर यांना मुदतीआधीच घरी बसवले, पण बँक मात्र राखली. हिशेब चोख म्हणायचा! राज्याचा पैसा या बँकेत राहतो आणि ती बहुतांशी स्थानिक बँकांच्या भागीदारीत कर्जे देते, त्यांच्या पोटावर पाय देत नाही. तिच्या दीर्घायुष्याचे गमक बहुधा इथेच आहे.

कॅलिफोर्नियातील कार्यकर्त्यांनी हेच उदाहरण पुढे केले. २०१८ मध्ये लॉस एंजेलिसच्या मतदारांनी शहराच्या बँकेचा प्रस्ताव नाकारला, पण मोहीम थांबली नाही. पुढच्याच वर्षी शहरांना आणि काउंटींना अशा बँका काढू देणारा कायदा राज्याने केला. आपल्याकडे १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण एका वटहुकमाने झाले. तिथे नागरिकांना लोकप्रतिनिधींचे उंबरठे झिजवावे लागले. अर्थात परवानगी म्हणजे बँक नव्हे. भांडवल कुठून येणार, ठेवींची हमी कोण देणार आणि कर्जवाटपातला नगरसेवकांचा हात कसा रोखणार, हे मोहिमेने आता सांगायला हवे. आपल्या जिल्हा बँकांची अवस्था पाहिलेल्या वाचकाला यातला शेवटचा प्रश्न आधी पडेल.